रंग की बेगड?

श्रोतेहो, पोळा आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. सणाला बैल नदीवर नेतात, घासूनपुसून धुतात, मग त्याची शिंगे साळतात. शिंगे साळून गुळगुळीत झाली म्हणजे त्यांना हिंगूळ लावतात आणि वर बेगड चिकटवतात. ज्याने हे काम स्वतःच्या हाताने केले आहे, त्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. शिंग न साळता नुसता रंग फासला, तर त्याचे पोपडे निघतात. आणि धुळीने माखलेल्या शिंगावर बेगड चिकटवले, तर मिरवणूक वेशीपर्यंत पोचण्याच्या आतच ते सुटून लोंबू लागते. आज मी ज्या प्रश्नाविषयी बोलणार आहे तो दिसायला अगदी नवा आहे. पण त्याचे अर्धे उत्तर या शिंगात आहे.

प्रश्न असा: जुनी दिसू लागलेली पिकअप गाडी नव्याने रंगवून घ्यावी, की तिच्यावर व्हिनाइलची फिल्म चढवून घ्यावी?

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मास्तराला गाडीच्या रंगाशी काय करायचे आहे? खरे आहे. मलाही काही करायचे नव्हते. पण माझ्या वर्गातला एक विद्यार्थी एके दिवशी तास संपल्यावर थांबला. घर रावेरच्या बाजूला. वडिलांनी घरची बैलजोडी विकली, त्या पैशात बँकेचे कर्ज घातले आणि एक जुनी पिकअप घेतली. शेतातून केळीचे घड भरायचे, माल भरण्याच्या ठिकाणी पोचवायचे आणि परत येताना कोणाची खताची पोती, कोणाचे सिमेंट आणायचे, असा धंदा. गाडी चालत होती. पण दाराखाली तांबडे डाग दिसू लागले होते, आणि रंग तर पार फिका पडला होता.

“सर,” तो म्हणाला, “चांगल्या व्यापाऱ्याकडे काम लागायचं तर गाडी नवी दिखाले पाहिजे. जळगावचा पेंटर म्हणतो दहा दिवस गाडी सोडा. धुळ्याचा रेडियमवाला म्हणतो तीन दिवसांत नवी करून देतो. काय करू?”

आपल्याकडे या कामाला सर्रास रेडियमचे काम म्हणतात. त्यात रेडियम नावाचा पदार्थ औषधालाही नसतो. गाडीच्या दारावर नाव, देवाचे चित्र, मोबाइल नंबर कापून चिकटवणाऱ्या दुकानदाराला लोकांनी हे नाव दिले आणि ते रूढ झाले. तोच दुकानदार आता सबंध गाडीलाच फिल्मचे कातडे चढवून देतो. तीन दिवस आणि दहा दिवस यांतला फरक केळीच्या हंगामात लहान नाही. मी म्हटले, “ये रविवारी आप्पांना घेऊन, हिशेब करू.” हिशेब करायला बसलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की, या दोन गोष्टींची तुलना करण्याइतकीही माहिती मला नाही. मग रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला विचारले, गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो, पत्रा ठोकणाऱ्यांशी बोललो. त्यातून जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम रंग म्हणजे काय ते पाहू. गाडीचा रंग हा शोभेसाठी असतो असे आपण समजतो. त्याचे पहिले काम वेगळेच आहे. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू असे दोघे एकदम भेटले की गंज धरतो. या दोघांना पत्र्यापर्यंत पोचू न देणे, हे रंगाचे पहिले काम. त्यासाठी कारखान्यात पत्रा आधी रसायनांनी धुतात. मग सबंध सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने त्यावर पहिला थर बसवतात आणि तो भट्टीत भाजतात. त्यानंतर रंगाचे थर येतात. भट्टीतला हा पहिला थर असा घट्ट बसतो की, गावातल्या गॅरेजमध्ये तसा थर पुन्हा देता येत नाही. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवावी: गाडीचा मूळचा रंग शाबूत असेल तर तो उगाच खरवडून काढू नये.

पण एकदा हा थर फुटला, मग ती दगडाची टोच असो की पोत्याची घासण असो, तेथून पाणी आत शिरते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फुगतो आणि वरचा रंग उचलून धरतो. रंगावर जो फोड दिसतो तो वरून आलेला नसतो. आतून आलेला असतो. आपल्या गाड्यांत तर गंजाला आमंत्रणच असते. खताची पोती फुटतात, सांडलेले खत हौद्याच्या कोपऱ्यात बसते, पावसात विरघळते आणि ते खारे पाणी पत्रा खाते. केळीची ओली पाने हौद्यात दिवसेंदिवस पडून राहतात आणि ओल धरून ठेवतात. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजली की दार आतूनच सडू लागते. बाहेर डाग दिसतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

चांगला रंगारी म्हणून काय करतो? आधी गंज पार खरवडतो, उजळ लोखंड दिसेपर्यंत. पत्रा खाल्ला गेला असेल तर तेवढा कापून नवा तुकडा जोडतो. मग प्रायमर, लागेल तेथे पातळशी पुट्टी, पॉलिशपेपरची घासाई, पुन्हा प्रायमर, मग रंग. पूर्वी खिडकीच्या गजांना जो लाल ऑक्साइड लावत असत तो याच कुळातला. गंमत अशी की, त्या लाल ऑक्साइडातली भुकटी ही स्वतः लोखंडाचा ऑक्साइडच असते. पण तेलात घोटून नीट बसवली म्हणजे तीच राखण करते. दहा दिवसांतले सात-आठ दिवस या तयारीत जातात. फवारणी दिवसाभरात होते. म्हणून “तीन दिवसांत पूर्ण गाडी रंगवतो” असे कोणी म्हणाला, तर तो कोणते दिवस वाचवणार आहे, हे त्याला अवश्य विचारावे. जाताजाता आणखी एक सांगतो. आजकालच्या रंगात जो हार्डनर मिसळतात त्याची वाफ छातीला वाईट. त्याने दमा जडू शकतो. फवारणी करणाऱ्या मुलाच्या नाकाला नुसता रुमाल बांधलेला दिसला, तर मालकाला मास्कविषयी दोन शब्द बोलावेत. काम आपले असते, छाती त्या पोराची असते.

आता फिल्मकडे वळू. ही फिल्म पीव्हीसीची, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइडची. आपल्या शेतातल्या पाण्याच्या पाइपा ज्याच्या, त्याच घराण्यातली ही वस्तू. पाइप टणक असते, फिल्म मऊ असते. कारण फिल्ममध्ये मऊपणा आणणारे तेलासारखे एक द्रव्य मिसळलेले असते. ही युक्ती 1926 साली अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने शोधली. पाइप बांधावर उन्हात वर्षानुवर्षे पडून राहिली की तिचा रंग उडतो, ती कडक होते आणि धक्क्याने तडकते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. फिल्मचेही तेच. ऊन तिला जाळते, मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू निघून जाते. फिल्म आकसते, कडा उचलल्या जातात आणि शेवटी तिला भेगा पडतात.

फिल्मचे मुख्य प्रकार दोन. एक धिरड्यासारखा, दुसरा पोळीसारखा. पातळ द्रव पसरून भाजून केलेली फिल्म ही धिरड्यासारखी. तिला इंग्रजीत कास्ट म्हणतात. ती साधारण 50 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी पातळ असते आणि जेथे बसवली तेथे बसून राहते. दुसरी फिल्म गरम रुळांतून लाटून काढतात. ती कॅलेंडर केलेली. ती बहुधा जाड असते आणि स्वस्त असते. पण मैद्याची पोळी लाटून ठेवली की ती जशी आपोआप आकसते, तशी हिला आकसण्याची खोड असते. दुकानात दोन्ही सारख्याच चमकतात. दारावरचे सपाट नाव लिहायला दुसरी चालेल. बॉनेटच्या वळणावर पहिलीच हवी. दुकानदाराला, “फिल्म कास्ट आहे की कॅलेंडर?” एवढा एक प्रश्न विचारला, तरी तो सावरून बसतो.

फिल्मचे गुणही सांगितले पाहिजेत; नाहीतर ते पक्षपाताचे होईल. गाडी फार दिवस अडकत नाही. खालचा मूळ रंग झाकलेला राहतो. पुढे फिल्म कोमट करून सावकाश सोलली तर तो पुन्हा हाती येतो. एक दार खरचटले तर तेवढ्याच दाराची फिल्म बदलता येते. एखाद्या कंपनीने दोन वर्षांसाठी गाडी लावली आणि तिला आपले नाव, आपला रंग हवा असेल, तर फिल्मसारखी सोय दुसरी नाही. गाडी नवी आहे, रंग निरोगी आहे आणि तो तसाच राखायचा आहे, अशा मालकाने फिल्म चढवली तर त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

परंतु फिल्म हे वस्त्र आहे, औषध नव्हे. गंजावर चढवली तर गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. खड्डा तिने भरत नाही. उलट चमक आल्यामुळे खड्डा अधिकच उठून दिसतो. आणि फिल्मचा गोंद कितीही चांगला असला तरी तो पत्र्याला धरत नसतो, वरच्या रंगाला धरतो. रंगच सुटत असेल, तर फिल्म त्या रंगासकट सुटणार.

म्हणून, श्रोतेहो, रंग की फिल्म हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा: खालचा पत्रा आणि त्यावरचा रंग निरोगी आहे का? हे पाहण्याच्या चार परीक्षा आहेत आणि त्यांना दमडीचा खर्च नाही.

पहिली परीक्षा हाताची. गाडी धुऊन वाळवावी आणि कोरडा तळवा रंगावरून जोराने फिरवावा. हाताला खडूसारखी भुकटी लागली, तर वरचा रंग उन्हाने मेलेला आहे. दुसरी परीक्षा चिकटपट्टीची. रुंद, चांगली चिकटणारी पट्टी चार-पाच ठिकाणी घट्ट दाबून बसवावी आणि झटक्याने ओढावी. रंगाच्या कपच्या पट्टीबरोबर आल्या, तर त्या गाडीवर फिल्मचे नाव काढू नये. तिसरी परीक्षा लोहचुंबकाची. दाराच्या खालच्या कडेवरून आणि चाकावरच्या मडगार्डवरून चुंबक फिरवावा. जेथे तो धरत नाही, तेथे पत्र्याऐवजी पुट्टीचा थर आहे असे समजावे. मात्र आधी तो भाग प्लॅस्टिकचा नाही याची खात्री करावी. चौथी परीक्षा वाकून पाहण्याची. हौद्याखाली, फाळक्याच्या बिजागऱ्यांशी आणि दाराच्या खालच्या कडेला बॅटरीच्या उजेडात पाहावे आणि बोथट खिळ्याने टोचून पाहावे.

रविवारी आम्ही तिघांनी मिळून या चारही परीक्षा घेतल्या. हाताला भुकटी आली. पट्टीबरोबर टपावरचा रंग आला. डाव्या दाराच्या खाली चुंबक वीतभर जागेत धरेना. आधीच्या मालकाने तेथे पुट्टी लिंपून वर रंग मारलेला होता. पण खरा धक्का बसला तो फाळक्याशी. एका बिजागरीच्या मुळाशी खिळा टेकवला आणि तो सरळ आत गेला. आप्पा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जोडी घेताना मी बैलाचे दात पाहत होतो, खूर पाहत होतो, चालवून पाहत होतो. हिचा मात्र नुसता रंग पाहिला.”

त्या एका वाक्यात सगळे आले. भरल्या गाडीचा फाळका रस्त्यात निखळला असता, तर मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचे काय झाले असते? आणि गाडीवर नवी कोरी फिल्म असती, तर खाली वाकून पाहावे असे कोणाच्या मनात तरी आले असते का?

आता आपल्या हवेचा विचार करू. खानदेशचा उन्हाळा मी तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तर हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापतो. फिल्म बनवणारे कारखाने तिच्या टिकण्याची जी मुदत देतात, ती टप आणि बॉनेट अशा आडव्या भागांसाठी कमी करतात आणि उष्ण प्रदेशासाठी आणखी कमी करतात. तेव्हा थंड मुलखात पाच-सात वर्षे टिकणारी फिल्म आपल्या टपावर तितकी टिकेल, हे धरून चालू नये. काळी किंवा गडद फिल्म दिसायला रुबाबदार. पण ती अधिक तापते. पांढरा रंग ऊन परतवतो. रंग असो वा फिल्म, आपल्याकडे फिकटच बरी. आणि हौद्याच्या आत फिल्म कधीच घालू नये. कॅरेट आणि पोती एका हंगामात तिच्या चिंध्या करतील. हौद्याला रंगच हवा.

आता हिशेब. पुढचे आकडे मी केवळ रीत दाखवण्यासाठी घेतो. तुमचे आकडे तुम्ही घालावेत. समजा, नीट पत्राकाम आणि रंग यांना 45,000 रुपये लागले आणि गाडी 10 दिवस उभी राहिली. रोजची निव्वळ मिळकत 1,500 रुपये धरली तर 15,000 रुपये बुडाले. एकूण खर्च 60,000. रंग 6 वर्षे टिकला, तर वर्षाला 10,000 रुपये. आता फिल्मला 48,000 रुपये आणि 3 दिवसांचे 4,500, मिळून 52,500 रुपये. ती साडेतीन वर्षे टिकली, तर वर्षाला 15,000 रुपये. सुरुवातीला स्वस्त दिसणारी वस्तू वर्षाच्या भागाकारात महाग ठरली. पण खालचा रंग खराब म्हणून तीच फिल्म एका वर्षात सोलली गेली, तर सगळे 52,500 त्या एका वर्षाच्या माथी बसतात. गंज शिल्लक राहतो तो वेगळाच. उलट, गाडी नवी आणि कंपनीचे दोन वर्षांचे काम हाती असेल, तर फिल्मचा खर्च कंपनीकडून घेता येतो आणि उत्तर बदलते. एकूण रकमेला टिकण्याच्या वर्षांनी भागावे आणि बुडालेले दिवस त्यात मोजायला विसरू नये, एवढीच या हिशेबाची गुरुकिल्ली.

कायद्याचेही दोन शब्द. गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात तिचा रंग लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांविषयीचे नियम आहेत. रंग बदलायचा असेल तर काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी; एम.एच. 19 वाल्यांनी जळगावला, 18 वाल्यांनी धुळ्याला. फिल्म ही काही रंग नव्हे, असा युक्तिवाद रस्त्यावर उपयोगी पडत नाही. कागदावर पांढरी गाडी आणि समोर निळी, एवढेच शिपायाला दिसते. मूळचाच रंग पुन्हा दिला तर ही कटकट उरत नाही. लष्करी हिरवा रंग मात्र घेऊच नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखलेला आहे. मालवाहू गाडीच्या पुढची पांढरी आणि मागची लाल चमकणारी पट्टी रंगाखाली किंवा फिल्मखाली झाकू देऊ नये. रात्री महामार्गावर बंद पडलेल्या गाडीची ती पट्टी हीच तिची वाचा असते.

शिक्षक मंडळींना माझी एक विनंती आहे. गंजाचा पाठ शिकवताना तीन खिळे तीन परीक्षानळ्यांत ठेवण्याचा प्रयोग पुस्तकात असतो: एक साध्या पाण्यात, एक उकळून वर तेल ओतलेल्या पाण्यात, एक कोरड्या हवेत. तो करावाच. त्याच्या जोडीला चौथी नळी घ्यावी आणि तिच्यातल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकावे. मग एखादा जुना पत्र्याचा डबा आणून त्याचा अर्धा भाग स्वच्छ पुसावा, अर्ध्यावर धूळ तशीच ठेवावी आणि दोन्हीकडे चिकटपट्टी लावून मुलांना ओढायला सांगावे. ज्या घरी पिकअप किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली आहे, त्या घरचा मुलगा संध्याकाळी चुंबक घेऊन अंगणात गेल्याशिवाय राहणार नाही. शाळेतला धडा घराच्या उपयोगी पडला की त्याची गोडी वेगळी सांगावी लागत नाही.

आता त्या गाडीचे काय झाले ते सांगून आवरतो. आप्पांनी पत्राकाम आधी करायचे ठरवले. बिजागरीची जागा कापून नवी पट्टी जोडली, दाराची पुट्टी काढून तेथे पत्रा बसवला, हौदा आणि केबिन दोन्ही मूळच्याच पांढऱ्या रंगात रंगवली. दहाचे बारा दिवस झाले; दोन चांगल्या खेपा हातच्या गेल्या. मुलगा थोडा हिरमुसला होता. मग रंग पुरता वाळून पक्का होण्यासाठी दीड-दोन महिने जाऊ दिले, कारण ताज्या रंगातून वाफ निघत असते आणि तिने फिल्मखाली फुगे येतात. त्यानंतर धुळ्याच्या त्याच रेडियमवाल्याकडून दोन्ही दारांवर नाव आणि नंबर फिल्ममध्ये कापून लावून घेतले.

म्हणजे हिंगूळही झाला आणि बेगडही लागले. पण शिंग आधी साळून घेतले. बेगड वाईट नाही. वरच्या चकाकीलाच आपण गाडीची प्रकृती समजलो, तरच आपण फसतो. पुढच्या वेळी तुमच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीला नवे रूप द्यायचे मनात आले, तर पेंटरला किंवा रेडियमवाल्याला फोन करण्यापूर्वी खिशात एक चुंबक घ्या आणि तिच्या दाराशी वाका. काय करायचे ते तो पत्राच तुम्हाला सांगेल.